फुफाट्यातला लसूण

वांगं करपलं तर जळकी साल सोलून टाकता येते. कांदा करपला तर वरचे दोन पापुद्रे काढून आतला भाग वाचवता येतो. लसणाच्या पाकळीला ही सवलत नाही. ती मुळातच एवढीशी असते, की कडा काळ्या पडेपर्यंत कडूपणा गाभ्यापर्यंत पोचलेला असतो. पाकळी तेलात असेल तर तो तेलातही उतरतो आणि पातेलंभर वरण कडवट होऊन बसतं. लसूण न करपवता कसा भाजायचा, या प्रश्नाला घरोघरी एकच उत्तर मिळतं: मंद आचेवर. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. चुलीचा फुफाटा, गॅसची उघडी ज्योत, बिडाचा तवा, विजेची भट्टी, फोडणीची पळी या सगळ्यांच्या तापमानांत शेकडो अंशांचा फरक आहे. तरीही यातल्या प्रत्येकावर लसूण उत्तम भाजता येतो, आणि प्रत्येकावर करपतोही. तेव्हा निकाल एकट्या आचेवर लागत नसणार. तो लागतो पाकळीत त्या क्षणी किती पाणी उरलं आहे यावर. आच त्या पाण्याच्या मापात राहिली तर लसूण खरपूस होतो, मापाबाहेर गेली की करपतो. एरवी परस्परविरोधी वाटणाऱ्या सगळ्या घरगुती युक्त्यांचा उलगडा या एका गोष्टीवरून होतो, असं मला वाटतं.

आधी पाकळीच्या आत काय असतं ते पाहू. शंभर ग्रॅम कांद्यात साधारण ८९ ग्रॅम पाणी असतं, शंभर ग्रॅम लसणात साधारण ६०. दोघं एकाच कुळातले, पण कांद्याचा हा राखीव साठा लसणाकडे नाही. पदार्थात पाणी आहे तोवर बाहेर कितीही धग असो, ओल्या भागाचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच अडून राहतं, कारण येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की हा बांध फुटतो आणि तापमान भराभर चढतं. आता लसणाचा उरलेला भाग पाहा: शंभर ग्रॅममागे जवळजवळ ३३ ग्रॅम कर्बोदकं, आणि त्यांतली बहुतेक फ्रुक्टन या लांब साखळ्यांच्या रूपात. उष्णतेने या साखळ्या तुटतात आणि त्यांतून फ्रुक्टोज सुटतं, म्हणून भाजलेला लसूण गोड लागतो. पण फ्रुक्टोज ही लवकर रंगणारी साखर. साध्या साखरेचा पाक रंग धरायला १६० अंशांच्या आसपास जावं लागतं, फ्रुक्टोजला ११० पुरतात. शिवाय साखर आणि प्रथिनांमधली अमिनो आम्लं एकत्र तापली की खमंगपणा आणणारी जी अभिक्रिया होते, ती १४० अंशांपुढे वेग घेते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार याने १९१२ साली तिचं वर्णन केलं. लसणात या दोन्हींचा कच्चा माल ठासून भरलेला आणि त्यावर पाण्याचा पहारा तुटपुंजा. त्यामुळे एकाच कढईत कांदा अजून पारदर्शक होत असतो तेव्हा लसणाचा निकाल लागलेला असतो. कांदा आधी आणि लसूण मागून, हा क्रम म्हणूनच सोयीचा. कांद्याने सोडलेल्या पाण्यात लसूण सुरक्षित राहतो.

रंग गडद झाला म्हणजे लसूण करपला, अशी एक ठाम समजूत आहे. तिला उत्तर काळ्या लसणात मिळतं. कोरिया, जपान आणि आता भारतातही तयार होणारा हा काळा लसूण अख्खे गड्डे साधारण ६० ते ९० अंशांत, भरपूर दमट हवेत, काही आठवडे ठेवून करतात. पाकळ्या अक्षरशः डांबरासारख्या काळ्या होतात, आणि तरीही चव चिंच-खजुराच्या जवळ जाणारी, गोड-आंबट असते. ओल टिकवून, संथपणे आलेला काळेपणा कडू नसतो. कडू असतो तो कोरड्या पाकळीवर चढलेल्या जास्त तापमानाचा. मराठीत खरपूस आणि करपट हे दोन शब्द वेगळे आहेत ते उगाच नाहीत. दोन्ही एकाच वाटेवर आहेत, पण मध्ये एक ठिकाण आहे जिथे पाणी संपतं.

तिखटपणाचाही हिशेब यात येतो. अख्ख्या पाकळीत अॅलिन नावाचं द्रव्य आणि त्याला फोडणारं अॅलिनेज हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचली की दोघांची गाठ पडते आणि अॅलिसिन तयार होतं. कॅव्हॅलिटो आणि बेली या अमेरिकी शास्त्रज्ञांनी ते १९४४ साली वेगळं काढून दाखवलं. अख्खी पाकळी भाजली तर कप्पे मोडण्याआधीच विकर निकामी होतं, म्हणून ती सौम्य लागते. ठेचलेली पाकळी आचेवर जाण्याआधीच झणझणीत झालेली असते. आणि भाजण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ठेचल्यावर रस बाहेर येतो, तव्यावर त्याचा पातळ थर पसरतो आणि काही सेकंदांत सुकून काळा पडतो. पुष्कळदा करपतो तो हा सांडलेला रस. लसणाचे तुकडे त्यानंतर करपतात. आलं-लसणाची गोळी परतताना बुडाशी जो चिकट तपकिरी थर धरतो, तो हाच. त्यावर चमचाभर पाणी शिंपडायची गृहिणींची सवय रसायनशास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते.

आता पद्धतींकडे वळू. सर्वांत जुनी आणि मला सर्वांत शहाणी वाटणारी पद्धत फुफाट्याची. चुलीवरचा स्वयंपाक आटोपला, लाकडं ओढून घेतली, की मागे वर पांढरी राख आणि खाली लाल निखाऱ्यांचे तुकडे उरतात. त्यात लसणाचा अख्खा गड्डा पुरायचा. आगीतून फुफाट्यात जाणं माणसाच्या बाबतीत वाईट मानलं गेलं, पण लसणाला नेमकं तेच मानवतं. राख हलकी आणि सच्छिद्र असते, उष्णता सावकाश पुढे देते. ती चारही बाजूंनी गड्ड्याला लगटून बसते, त्यामुळे एका अंगाला चटका आणि दुसरं अंग कच्चं असं होत नाही. शिवाय वाऱ्याचा झोत नसल्याने पाकळीतून निघालेली वाफ सालीच्या आतच घुटमळते. पंधरा-वीस मिनिटांनी चिमट्याने गड्डा बाहेर काढून राख झटकली की हा सगळा कारभार उघडा दिसतो. सर्वांत बाहेरचे पापुद्रे काळे, बोट लावताच चुरा होणारे. त्याखालचे तपकिरी, जुन्या वहीच्या कागदासारखे. आणि पाकळीला चिकटलेली शेवटची साल अजून दमट, आतून घाम फुटल्यासारखी. बुडखा दाबला की पाकळी टोकातून सुळकन बाहेर येते, पिवळसर आणि जराशी चिकट. म्हणजे साल जळली, पाकळी शिजली. साल जळण्यासाठीच असते. लसूण भाजण्याआधी सोलून ठेवणारा माणूस त्याचं एकमेव चिलखत काढून घेतो.

हेच तत्त्व इतरत्रही दिसतं. रायगडातल्या पोपटीत मडक्यात पाणी घालत नाहीत. भांबुर्ड्याचा पाला कोंबतात आणि त्या पाल्याची ओल वालाच्या शेंगा शिजवते. मात्र लसणापुरता सर्वांत बोलका दाखला भरताचा आहे. वांग्याला चिरा देऊन आत लसणाच्या पाकळ्या खुपसायच्या आणि मग वांगं भाजायचं, ही रीत अनेक घरांत आहे. वांग्यात ९२ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ज्योतीचं तापमान हजार अंशांच्या वर, वांग्याची साल कोळसा झालेली, आणि आतली सोललेली पाकळी मात्र डागाविना मऊ निघते. तीच पाकळी त्याच ज्योतीवर जाळीवर ठेवून पाहिली तर अर्ध्या मिनिटात काळी पडते. आच तीच, पाकळी तीच, बदललं फक्त भोवतालचं पाणी. मंद आच हेच एकमेव उत्तर मानणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर विचारात घ्यावा.

यावर कोणी म्हणेल की थोडा जळका वास हवाच असतो, त्याशिवाय ठेच्याला आणि भरताला गंमत नाही. मान्य. पण तो वास जळत्या सालीच्या धुराचा असतो, जळलेल्या पाकळीचा नसतो. अख्खा गड्डा ज्योतीवर मिनिट-दीड मिनिट फिरवून साल पेटू द्यावी आणि लगेच झाकणाच्या भांड्यात ठेवून मंद तव्यावर उरलेलं शिजणं पुरं करावं. धूर मिळतो, कडूपणा मिळत नाही. गड्डा संपूर्ण ज्योतीवरच भाजायचा हट्ट धरला तर बाहेरच्या पाकळ्या कोळसा आणि मधल्या कच्च्या अशी स्थिती ठरलेली, कारण उष्णतेला आत पोचायला वेळ लागतो आणि ज्योत तो देत नाही.

चूल नसलेल्या घरात फुफाट्याच्या सर्वांत जवळ जातो तो तवा. मेक्सिकोत साल्सासाठी लसूण कोमाल नावाच्या सपाट तव्यावर सालीसकट, तेलाविना भाजतात. आपल्याकडे ठेच्यासाठी तेच करणाऱ्या बाया कमी नाहीत. पाकळ्या सुट्या कराव्या, सोलू नयेत, आणि तवा तापल्यावर गॅस बारीक करून मगच टाकाव्या. दर दोन-तीन मिनिटांनी कूस बदलत राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. सालीवर काळे ठिपके आले तरी घाबरू नये. पहिली दहा मिनिटं वर खोलगट झाकण ठेवलं तर आतला भाग वाफेवर शिजतो, शेवटच्या पाच मिनिटांत झाकण काढलं तर रंग येतो. बिडाचा तवा गॅस बंद केल्यावरही बराच वेळ भाजत राहतो, हे विसरून पाकळ्या त्याच्यावरच ठेवल्या तर मेहनत वाया जाते.

ओव्हनची पद्धत आपल्याकडे भूमध्य समुद्राकाठच्या आणि अमेरिकी स्वयंपाकातून आली. गड्ड्याचा शेंडा कापून पाकळ्यांची तोंडं उघडी करायची, वर तेल सोडायचं, अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून १८० ते २०० अंशांवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं ठेवायचं. कागदात गुंडाळल्यावर ते भाजणं कसलं, ते तर उकडणं झालं, हा आक्षेप इथे घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण म्हणून कागद टाकून द्यायचा नाही, तो योग्य वेळी उघडायचा. पाकळ्या मऊ होईपर्यंत पाणी आत कोंडायचं, मऊ झाल्या की शेवटची सात-आठ मिनिटं कागद उघडून ते सोडायचं. घरगुती छोट्या ओव्हनमध्ये तापणाऱ्या कांड्या अगदी जवळ असतात, त्यामुळे गड्डा खालच्या कप्प्यात ठेवावा आणि तापमान वीसेक अंशांनी उतरवावं. एअर फ्रायरमध्ये तर गरम हवेचा झोत पाणी ओढूनच घेतो. तिथे कागदाशिवाय लसूण ठेवणं म्हणजे तो वाळवायला टाकणं; कागदात गुंडाळला तर १६० अंश आणि वीस-पंचवीस मिनिटं पुरे होतात. मायक्रोवेव्हमध्ये लसूण मऊ होतो, खमंग होत नाही. भाजण्याच्या चर्चेत त्याला जागा नाही.

मराठी घरात लसूण सर्वाधिक करपतो तो मात्र यांपैकी कुठेच नाही, फोडणीत. तेल पाण्याला राखत नाही, उलट शंभर अंशांच्या बरंच वर तापून ते बाहेर हाकलतं. त्यात मोहरीची आणि लसणाची गरज उलटी. मोहरी तडतडायला तेल कडक लागतं, लसणाला ते सोसवत नाही. चिरलेला लसूण तेलात पडला की प्रत्येक तुकड्याभोवती बारीक बुडबुड्यांचं कडं उठतं. ते बुडबुडे म्हणजे तुकड्यातून निघणारं पाणी. सुरुवातीला ते जोरात, आवाज करत येतात, मग विरळ होतात, आवाज खाली उतरतो. या विरळ होण्याच्या क्षणी तुकडा फिकट सोनेरी असतो आणि गॅस बंद करायची वेळ तीच. बुडबुडे पूर्ण थांबले की पहारा उठला, पुढचे दहा सेकंदही जास्त होतात. आपल्या पाककृतींत लसूण लालसर होईपर्यंत परतावा, असं सर्रास छापलं जातं. हे वाक्य सुधारायला हवं. लालसर दिसल्यावर हात हलवेपर्यंत तेल आणि पळी आपल्या उरलेल्या धगीवर त्याला तपकिरी करून टाकतात. मोहरी तडतडल्यावर गॅस बंद करून, तेल क्षणभर निवू देऊन लसूण टाकणं हा एक मार्ग. सारस्वत घरांत बेंदी नावाच्या पदार्थाच्या फोडणीला पाकळ्या सालीसकट ठेचून खोबरेल तेलात घालायची चाल आहे, तो दुसरा मार्ग, आणि फुफाट्याचाच भाऊ. मोहरी नकोच असेल तर थंड तेलात लसूण घालून दोन्ही बरोबर तापवावं. तुकडे मात्र एकसारखे हवेत. जाड काप आणि चुरा एकत्र पडले तर काप शिजेपर्यंत चुरा जळतो आणि सगळं तेल कडू करतो.

या सगळ्याला सर्वांत अवघड आक्षेप सुक्या चटणीचा आहे. वडापावाची लसूण-खोबऱ्याची चटणी करताना पाणी राखायचं नसतंच, घालवायचं असतं, कारण ओल राहिली तर चटणी टिकत नाही. मग पाण्याचा पहारा हा सिद्धान्त इथे कोसळतो का? मला उलट तो इथे पक्का होतो असं दिसतं. पाणी घालवायचं तर आच त्याच मापाने उतरवत न्यायला हवी. सुरुवातीला पाकळ्या ओल्या असतात तोवर मध्यम आच चालते, सुकू लागल्या की बारीक, कडकडीत व्हायच्या बेतात आल्या की गॅस बंद आणि उरलेलं काम तव्याच्या धगीवर. चांगली चटणी करणारे काप उन्हात वाळवून घेतात तेही याचसाठी, पाणी काढण्याचं काम आगीवर सोपवायचंच नाही. खोबरं मात्र वेगळं भाजावं. त्यातलं तेल सुटलं की त्याची गती निराळी होते आणि दोघांचा मेळ बसत नाही.

आरोग्याच्या बाजूने असाही प्रश्न येतो की भाजल्यावर लसणाचा गुणच जातो, मग एवढा खटाटोप कशाला. अॅलिसिन कमी होतं हे खरं. अमेरिकेत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवला आणि मग तापवला, तर त्याची परिणामकारकता पूर्ण नष्ट होत नाही, असं उंदरांवर दिसलं. ज्यांना तो गुण हवा त्यांनी फोडणीआधी तेवढा धीर धरावा. पण भाजलेला लसूण हे औषध नाही, खाद्य आहे, आणि त्याची परीक्षा जिभेवर व्हावी.

लसूण कुठला आणि किती जुना, हे बहुतेक पाककृती विचारतच नाहीत. महाराष्ट्रात लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात आणि फेब्रुवारी-मार्चपासून काढतात. नवा गड्डा टणक, रसाळ असतो, तो भाजायला सर्वांत निर्धोक. तोच माळ्यावर किंवा टोपलीत पावसाळा काढून दिवाळीपर्यंत आला की वजन घटलेलं असतं, पाकळ्या सालीत खुळखुळतात. तोच तवा, तीच मिनिटं, आणि तरी तो करपतो, कारण पाण्याची शिल्लकच कमी. अशा लसणाला वेळ कमी द्यावा, झाकण आधीपासून ठेवावं किंवा अख्खा गड्डा अर्धा तास पाण्यात बुडवून साल ओली करून घ्यावी. गावरान लसणाच्या बारीक पाकळ्यांनाही हाच न्याय. कोडाईकनालच्या डोंगरातला किंवा मध्य प्रदेशातून येणारा मोठ्या पाकळ्यांचा लसूण जेवढा वेळ घेतो, त्याच्या निम्म्यात गावरान तयार होतो. दोन्ही एकत्र भाजू नयेत.

भाजून उरलेल्या लसणाचं काय करायचं, हेही याच प्रश्नाचा भाग आहे, कारण हल्ली तो तेलात बुडवून बरणीत भरायची पद्धत वाढते आहे. इथे तेच पाणी शत्रू होतं. मऊ भाजलेल्या पाकळीत ओल शाबूत असते, आंबटपणा नसतो, आणि तेलाखाली हवा पोचत नाही. बोटुलिझमचा जिवाणू वाढायला याहून सोयीची जागा नाही. कॅनडात व्हँकुव्हर इथल्या एका उपाहारगृहात १९८५ साली तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना ही विषबाधा झाली. १९८९ साली अमेरिकेत पुन्हा तसंच घडलं आणि विकाऊ लसूण-तेलात आम्ल घालणं तिथे सक्तीचं झालं. या विषाला वास नसतो, चव नसते, बरणी उघडून कळत नाही. सुकी चटणी महिनाभर टिकते ती पाणी गेल्यामुळे. भाजलेला मऊ लसूण तसा टिकणार नाही. तो झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, तेलात असला तरीही, आणि चार दिवसांत संपवावा. जास्त झाला तर चमच्या-चमच्याचे गोळे करून बर्फाच्या कप्प्यात गोठवावे. ओट्यावर, खिडकीशी, दिसायला सुंदर म्हणून बरणी मांडून ठेवू नये.